चिकटून राहिलेल्या पेशी : प्रस्तावना

आईची बोटं पहिल्यांदा अडली ती भाकरी थापताना. पीठ मळून झालं होतं, तवा तापला होता आणि उजव्या हाताची बोटं वळेनात. ती तेव्हा ४४ वर्षांची होती. पुढे रोज सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटायची नाही. मग मनगटं सुजली, मग गुडघे. डॉक्टरांनी आमवाताचं निदान केलं आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली. ‘तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उठली आहे, तिला आवरायला हवं,’ असं त्यांनी समजावलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन आल्या, कारण आजारी माणसाची प्रतिकारशक्ती वाढवायला हवी. आईने गोळी घेतली, काढाही ठेवून घेतला आणि मला विचारलं, ‘‘एक म्हणतात आवरा, एक म्हणतात वाढवा. तू एवढी शिकतेस, सांग बघू, कोणाचं ऐकू?’’ मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. डॉक्टरांचं ऐक, एवढंच सांगितलं. का ऐकायचं, ते मला नीट सांगता आलं नाही.

प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक, जितकी जास्त तितकी बरी, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. करोनाच्या काळात तो आणखी घट्ट झाला. पण शरीराच्या दृष्टीने हल्ला करता येणं हा या शक्तीचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग म्हणजे वेळेवर थांबता येणं. बोटाला काटा टोचतो, जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत सगळं शांत होतं. ते शांत होणं आपोआप घडत नाही. कोणीतरी ते घडवून आणतं. दाह कसा पेटतो याचा अभ्यास शंभरावर वर्षं चालू आहे; तो विझतो कसा, याकडे शास्त्राचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. प्रतिकारसंस्थेच्या स्वतःच्या घरात आवर घालणाऱ्या टी पेशी असतात, त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पुस्तक त्या नियामक पेशींबद्दल नाही. ज्या पेशी प्रतिकारसंस्थेच्या कधी मानल्याच गेल्या नाहीत, ज्यांना पाठ्यपुस्तकांनी हाडा-मांसाच्या मधली जागा भरण्याचं काम दिलं होतं, त्या संयोजी ऊतींमधल्या पेशींबद्दल हे पुस्तक आहे.

संयोजी ऊती आपण शाळेत शिकतो: हाड, कूर्चा, चरबी, स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर, त्वचेखालचं विरळ जाळं. शिकवतानाही त्यांच्याबद्दल फार उत्साह नसतो. हृदय धडधडतं, मेंदू विचार करतो, यकृत रसायनं बनवतं. संयोजी ऊती नुसत्या धरून ठेवतात. मीही त्या तशाच शिकले. माझं मत बदललं ते प्लास्टिकच्या एका फ्लास्कमुळे.

अस्थिमज्जेचे काही थेंब पोषक द्रावात मिसळून फ्लास्कमध्ये ठेवले, तापमान ३७ अंश राखलं, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड दिला की दोन-तीन दिवसांनी फ्लास्कमध्ये दोन प्रकारच्या पेशी दिसतात. बहुसंख्य गोल पेशी द्रावात तरंगत असतात. त्या रक्ताच्या. तळाशी मात्र इथे एक, तिथे एक अशा काही लांबट, चातीसारख्या पेशी प्लास्टिकला चिकटून बसलेल्या असतात. द्राव ओतून दिला तरी त्या हलत नाहीत. नवा द्राव घातला की हळूहळू वाढतात आणि दोन आठवड्यांत माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने वळलेल्या वसाहती तयार होतात. मज्जेतल्या दर १० हजार ते १ लाख केंद्रकयुक्त पेशींमागे अशी जेमतेम एक निघते. रक्तावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत तरंगणाऱ्या पेशी उचलल्या जात आणि चिकटलेल्या फ्लास्कसकट कचऱ्यात जात.

त्या चिकटलेल्या पेशींकडे ज्याने नीट पाहिलं तो माणूस मॉस्कोचा. गमालेया संस्थेतल्या अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि १९७० मध्ये गिनिपिगच्या मज्जेतून अशा वसाहती वाढवून दाखवल्या. एकेक वसाहत एकेका पेशीपासून उगवते, हेही त्यांच्या गटाने दाखवलं. पण मला त्यांचा दुसरा एक प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी एका प्राण्याची मज्जा दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात, जिथे हाड असण्याचं काही कारण नाही अशा जागी ठेवली. तिथे हाडाचा एक छोटासा गोळा तयार झाला आणि त्याच्या पोकळीत रक्त बनू लागलं. तपासल्यावर दिसलं, की हाड आणि त्यातलं आधाराचं जाळं देणाऱ्या प्राण्याचं होतं. त्यात बनणारं रक्त मात्र घेणाऱ्या प्राण्याचं होतं. म्हणजे या पेशींनी घर बांधलं आणि त्यात राहायला आली ती यजमानाची माणसं. रक्ताच्या पेशी, म्हणजेच प्रतिकारसंस्थेच्या पेशी, जिथे जन्मतात आणि वाढतात ते घर याच पेशींचं असतं. पुढे या पेशींनी प्रतिकारसंस्थेला वळण लावलेलं दिसल्यावर जगाला आश्चर्य वाटलं. त्या प्रयोगाकडे कोणी नीट पाहिलं असतं तर ते थोडं कमी वाटलं असतं.

इथे नावाबद्दल लिहायला हवं, कारण या विषयातले निम्मे गैरसमज नावातून आले आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या आर्नल्ड कॅप्लन यांनी या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं. मेसेन्काइम म्हणजे गर्भातलं ते सैलसर ऊतक, ज्यातून पुढे हाडं, कूर्चा, चरबी घडतात. १९९९ मध्ये माणसाच्या मज्जेतल्या या पेशींपासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबी अशा तिन्ही प्रकारच्या पेशी बनवता येतात हे सिद्ध झालं आणि नाव पक्कं झालं. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, म्हटलं की मनात चित्र उभं राहतं ते बांधकामाचं: पेशी टोचायची, ती जखमेत जाईल, जे तुटलं असेल ते बनेल. शरीरात टोचलेल्या पेशी सहसा असं काही करत नाहीत. २००५ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘स्टेम’ऐवजी ‘स्ट्रोमल’, म्हणजे आधार देणाऱ्या, असा शब्द सुचवला. २००६ मध्ये त्याच संस्थेने ओळखीच्या किमान खुणा ठरवल्या: प्लास्टिकला चिकटणं, पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही प्रथिनं असणं, रक्तपेशींच्या खुणा नसणं, आणि हाड-कूर्चा-चरबी बनवता येणं. २०१७ मध्ये तर खुद्द कॅप्लन यांनीच लेख लिहून आपण रूढ केलेलं नाव बदलावं अशी विनंती केली. या पेशी औषधासारखे संकेत देतात, त्यांना मूलपेशी म्हणून लोकांची दिशाभूल होते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः दिलेलं आणि जगभर गाजलेलं नाव मागे घ्या म्हणणारा शास्त्रज्ञ विरळा. मला त्यांच्याबद्दल या एका लेखासाठी फार आदर आहे.

मराठीत मी दोन शब्द वापरले आहेत. जिथे हाड-कूर्चा बनवण्याच्या क्षमतेबद्दल बोलायचं आहे तिथे ‘संयोजी ऊतींच्या मूलपेशी’, आणि जिथे प्रतिकारसंस्थेशी त्यांचा व्यवहार सांगायचा आहे तिथे ‘आधारपेशी’. दुसरा शब्द मला जवळचा आहे. घरातल्या आधाराच्या माणसाला विचारल्याशिवाय मोठे निर्णय होत नाहीत, तो कधी पुढे येत नसला तरी.

प्रतिकारसंस्थेशी नातं उघड झालं ते २००२ च्या सुमारास. दोन व्यक्तींच्या पांढऱ्या पेशी एका ताटलीत एकत्र ठेवल्या तर त्यांतल्या टी पेशी परक्याला ओळखून भराभर वाढू लागतात. त्याच ताटलीत आधारपेशी घातल्या, तर ती वाढ मंदावते. आधारपेशी त्या दोघांपैकी कोणाच्या नसल्या, तिसऱ्याच माणसाच्या असल्या तरी मंदावते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बबून माकडांवर परक्या माकडाची त्वचा लावली, आणि ज्यांना आधारपेशी दिल्या होत्या त्यांच्या अंगावर ती जास्त दिवस टिकली. मग दोनच वर्षांत गोष्ट एका मुलापाशी आली.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ हुडिंगे इथे कॅरोलिन्स्का विद्यापीठाचं रुग्णालय आहे. तिथे रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या एका मुलावर दुसऱ्या व्यक्तीच्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण केलं होतं. अशा रोपणात एक विचित्र धोका असतो. मूत्रपिंड बदललं तर शरीर मूत्रपिंडाला नाकारतं. मज्जा बदलली तर नव्या मज्जेतून निघालेली प्रतिकारसंस्था साऱ्या शरीरालाच परकं ठरवते. पाहुण्याने घरमालकाला बाहेर काढावं तसं. त्या मुलाच्या आतड्यांवर आणि यकृतावर हा हल्ला सगळ्यांत वरच्या, चौथ्या श्रेणीचा होता. स्टेरॉइड दिली, इतर औषधं दिली, कशालाच दाद मिळेना. कतरिना ल ब्लां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाच्या आईची थोडी मज्जा घेतली, तिच्यातल्या चिकटणाऱ्या पेशी वाढवल्या आणि त्या मुलाला शिरेतून दिल्या. आईच्या पेशी मुलाशी निम्म्याच जुळत होत्या, तरी हल्ला ओसरला. २००४ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तांत छापून आला तेव्हा उपचाराला वर्ष उलटलं होतं आणि मुलगा बरा होता.

एका रुग्णावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सतत सांगत आले. तरीही तो लेख मी वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती, हे इथे कबूल करते. चार वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच गटाने युरोपातल्या इतर केंद्रांबरोबर ५५ रुग्णांचा अनुभव मांडला. स्टेरॉइडला न जुमानणारा हाच आजार असलेल्या या ५५ जणांपैकी ३० जणांमध्ये लक्षणं पूर्ण गेली, आणखी ९ जणांना सुधारणा दिसली. पेशी रुग्णाशी जुळणाऱ्या दात्याच्या होत्या की कोणा अनोळखी माणसाच्या, याने फरक पडला नाही.

आता या पेशी नेमकं करतात काय? पुस्तकाची मधली पाच प्रकरणं याच प्रश्नाला दिली आहेत, कारण इथेच खरी गंमत आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त थापा मारल्या जातात.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की आधारपेशी मुळात शांतिदूत नाहीत. फ्लास्कमध्ये निवांत असलेली आधारपेशी प्रतिकारसंस्थेवर फारसा ताबा ठेवत नाही. आधी तिला कळावं लागतं, की भांडण सुरू आहे. चेतलेल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. दाहाच्या जागी इतरही निरोप हवेत असावेत तसे द्रावात फिरत असतात. हे निरोप पोचले की आधारपेशी बदलते. माणसाच्या आधारपेशीत आयडीओ नावाचं विकर तयार होऊ लागतं. ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडतं. टी पेशींना वाढायला ट्रिप्टोफॅन लागतंच. ते संपलं आणि मोडतोडीतून निघालेलं किन्युरेनिन साचलं, की त्यांची वाढ थांबते. म्हणजे टी पेशीनेच धाडलेल्या निरोपाने तिची रसद तुटते. उंदराच्या आधारपेशी हेच काम निराळ्या मार्गाने करतात, नायट्रिक ऑक्साइड वायू सोडून. उंदरावर यशस्वी झालेलं सारं माणसावर जसंच्या तसं का उतरत नाही, याचं हे एक उघड कारण आहे. निकाल वाचताना कित्येक वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

आयडीओ हा शब्द वाचून स्त्रीरोगतज्ज्ञांना ओळख पटेल. गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या प्रतिकारसंस्थेला निम्मा परका. तरी ती त्याला नऊ महिने सांभाळते. १९९८ मध्ये अमेरिकेत गरोदर उंदरिणींना आयडीओ बंद पाडणारं औषध दिलं, तेव्हा परक्या बापाचे गर्भ टिकले नाहीत. वारेत जे विकर गर्भाला राखतं तेच मज्जेतली ही पेशी गरजेला बाहेर काढते. नाळेतल्या ज्या चिकट गरात रक्तवाहिन्या लपेटलेल्या असतात, त्या गरातूनही आधारपेशी विपुल मिळतात आणि आज अनेक प्रयोगशाळा मज्जेऐवजी तिथूनच त्या घेतात. आपल्याकडे नाळ पुरण्याची चाल होती. ती पुरताना आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मी तसा दावाही करणार नाही. पण ‘नाळ जोडलेली असणं’ हा शब्दप्रयोग हे प्रकरण लिहिताना मला जितका शब्दशः वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

दुसरा मार्ग भक्षक पेशींमधून जातो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आतड्याला छिद्र पाडून रक्तात जंतुसंसर्ग पसरवलेल्या उंदरांना आधारपेशी दिल्या आणि त्यांच्यातले बरेच वाचले. आधारपेशींनी प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडलं. ते मिळताच भक्षक पेशींनी आग लावणारे निरोप कमी केले आणि इंटरल्यूकिन-१० हा आवरता घेणारा निरोप वाढवला. प्रोस्टाग्लँडिन ई२ या रेणूच्याच निर्मितीला आळा घालून आपल्या वेदनाशामक गोळ्या ताप-सूज उतरवतात. एकच रेणू एका प्रसंगी दाह वाढवतो आणि दुसऱ्या प्रसंगी विझवतो. ‘चांगलं प्रथिन, वाईट प्रथिन’ अशी यादी मागणाऱ्या वाचकांची इथे निराशा होईल, आणि ती व्हावी अशी माझी इच्छा आहे.

तिसरा मार्ग आपल्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेनेही उजळला आहे. आधारपेशी शेजारच्या जखमी पेशीकडे बारीक नळीसारखा धागा धाडते आणि त्यातून आपल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा बनवणारी अंगकं, तिला देऊन टाकते. फुप्फुसाच्या पेशींमध्ये हे घडताना पाहिलं गेलं आहे. या वाहतुकीसाठी मिरो१ नावाचं प्रथिन लागतं, हे दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेतल्या अनुराग अग्रवाल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. मी तो शोधनिबंध वर्गात वाचून दाखवला तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे मॅडम, ती आपलं सरपण देऊन टाकते?’’ मला याहून चांगला शब्द सुचला नाही. त्या प्रकरणाचं नावच ‘सरपण’ आहे.

आता कोडं येतं. शिरेतून दिलेल्या या पेशी आतड्यापर्यंत, सांध्यापर्यंत पोचतच नाहीत. आकाराने मोठ्या असल्यामुळे त्यातल्या बहुतेक काही मिनिटांत फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि एक-दोन दिवसांत दिसेनाशा होतात. तरी परिणाम मात्र पुढे कित्येक दिवस राहतो. डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाने दाखवलं, की उंदराच्या फुप्फुसात अडकलेल्या मानवी आधारपेशी तिथूनच टीएसजी-६ हे दाहशामक प्रथिन सोडतात आणि दूर असलेल्या हृदयाचं नुकसान त्याने कमी होतं. मग २०१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फ्रान्चेस्को दाझ्झी यांच्या गटाचं काम आलं, आणि आम्हा सगळ्यांना आपली गृहीतकं पुन्हा तपासावी लागली. आधारपेशी शरीरात गेल्या की रुग्णाच्याच मारेकरी पेशी त्यांना मारतात. त्या मेल्यावर भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि गिळल्यानंतर त्या स्वतः आयडीओ बनवू लागतात. ज्या रुग्णांच्या रक्तात आधारपेशींना मारण्याची ताकद जास्त होती त्यांना गुण आला; ज्यांच्यात ती नव्हती त्यांना आला नाही. मारल्या जाण्यातूनच त्यांचं काम होत होतं. आम्ही मात्र वर्षानुवर्षं त्यांना जास्तीत जास्त काळ जिवंत ठेवण्याच्या खटपटी करत होतो.

व्याख्यानांत मी यासाठी विरजणाचं उदाहरण देते. दूध गार असेल तर विरजण लागत नाही, कढत असेल तर नासतं. कोमट असावं लागतं. चमचाभर विरजण लावलं की सकाळी दह्यात ते वेगळं काढून दाखवता येत नाही, पण सगळं दूध पालटलेलं असतं. आधारपेशींचंही बरंचसं असंच आहे: समोर दाह किती आणि कोणत्या टप्प्याला आहे यावर त्यांचा परिणाम ठरतो, आणि त्या स्वतः उरत नाहीत. उदाहरण इथे संपतं. विरजणातले जीवाणू वाढतात, या पेशी शरीरात वाढत नाहीत. शिवाय एक फरक जास्त महत्त्वाचा आहे. दाह अगदी सौम्य असेल तर आधारपेशी टी पेशींना जवळ बोलावतात, पण त्यांना थांबवणारं रसायन पुरेसं बनवत नाहीत, आणि मग दाह वाढतोसुद्धा. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. ‘या पेशी प्रतिकारशक्ती कमी करतात’ हे वाक्य म्हणून अपुरं आहे, आणि ‘वाढवतात’ हेही. जे विचारलं जाईल त्याचं त्या उत्तर देतात, आणि विचारणारा बदलला की उत्तर बदलतं.

हे कळायच्या आत कंपन्या कामाला लागल्या होत्या. एका निरोगी दात्याच्या मज्जेतून हजारो मात्रा बनवायच्या, उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या, हव्या तेव्हा वितळवून द्यायच्या, अशी ती योजना होती. २००९ मध्ये रोपणानंतरच्या त्या हल्ल्यावरच्या, अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फरक दिसला नाही. कारणांवर अजून वाद आहे. फार वेळा विभागल्या गेलेल्या पेशी थकतात. नुकत्याच वितळलेल्या पेशी काही काळ बधिर असतात आणि इंटरफेरॉनला नीट प्रतिसाद देत नाहीत. दात्यादात्यात फरक असतो. आमच्या इनक्युबेटरमध्येही एकाच दिवशी, एकाच हाताने वाढवलेल्या दोन दात्यांच्या पेशी इतक्या वेगळ्या वागत, की एकाचा फ्लास्क आठवड्यात भरे आणि दुसऱ्याचा तीन आठवडे रेंगाळे. मुलांमध्ये मात्र परिणाम बरा दिसत राहिला. कॅनडाने २०१२ मध्ये मुलांसाठी या औषधाला सशर्त मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोनदा परत पाठवल्यावर, १८ डिसेंबर २०२४ रोजी, दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलांमधल्या त्याच आजारासाठी मान्यता दिली. ५४ मुलांच्या चाचणीत २८ व्या दिवशी ७० टक्के मुलांना गुण आला होता. त्याच महिन्यात युरोपात उलट घडलं. क्रोन आजारातल्या गुदद्वाराजवळच्या नाडीव्रणांसाठी २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं आधारपेशींचं औषध, दुसऱ्या मोठ्या चाचणीत टिकलं नाही म्हणून, बाजारातून मागे घेतलं गेलं. एकाच महिन्यातल्या या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात. आशा आणि सावधपणा यांचं प्रमाण त्यातून नीट कळतं.

भारतात बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीचं, अनेक दात्यांच्या मज्जेतून बनवलेलं औषध २०१६ मध्ये मर्यादित मान्यता मिळवून आलं. ते बर्जर आजारासाठी, म्हणजे तंबाखू-विडीमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन पाय काळा पडू लागतो त्यासाठी. पुढे गुडघ्याच्या झिजेसाठीही त्याला परवानगी मिळाली. झीज म्हणजे आमवात नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण दोन्हींना आपण संधिवातच म्हणतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण सोडलं तर इतर मूलपेशी उपचार हे नोंदणीकृत चाचणीबाहेर द्यायचे नाहीत.

आणि तरी ते दिले जातात. माझ्याकडे आजवर जी पत्रं आली त्यांतली निम्मी आईवडिलांची आहेत. एका वडिलांनी घरची दोन एकर विकून मुलाला एका दवाखान्यात नेलं. काय टोचलं याची लेखी नोंद त्यांना मिळाली नाही. बिल मात्र मिळालं. पेशी किती, कोणाच्या, किती वेळा वाढवलेल्या, जिवंत किती, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. अमेरिकेत २०१७ मध्ये तीन स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या गेल्या आणि तिघींचीही दृष्टी गेली. हे वाचून मला जो राग येतो तो मी या पुस्तकात फारसा लपवलेला नाही. ज्या पेशी आपल्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं मी पोसल्या, त्यांच्या नावाने कोणाची जमीन जावी किंवा डोळे जावेत, हे मला सहन होत नाही. शेवटच्या प्रकरणात कोणत्याही दवाखान्यात विचारायचे प्रश्न दिले आहेत. पुस्तक पूर्ण वाचायला वेळ नसेल त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं.

प्रयोगशाळेतल्या ज्या मुलामुलींनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही येऊन फ्लास्कमधला द्राव बदलला त्यांची मी ऋणी आहे. पेशींना सुट्टी कळत नाही, असं आमच्याकडे म्हणत आणि पाळ्या लावत.

आईच्या गुडघ्याचा सांधा ६३ व्या वर्षी बदलावा लागला. शस्त्रक्रियेत काढलेल्या सांध्याच्या अस्तराची काचपट्टी विकृतिशास्त्रातल्या एका मैत्रिणीने मला दाखवली. निरोगी सांध्यात हे अस्तर एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. आईच्या सांध्यात ते दहा-बारा थरांचं झालं होतं, खाली टी आणि बी पेशींची दाट गर्दी होती, आणि अस्तराची कड कूर्चेत घुसली होती. ते थर ज्या पेशींचे होते त्या मी लगेच ओळखल्या. लांबट, चातीसारख्या, एका दिशेने वळलेल्या. माझ्या फ्लास्कमधल्यांच्या सख्ख्या नात्यातल्या. माझ्या ताटल्यांमध्ये ज्यांच्या बहिणी टी पेशींना थोपवत होत्या, त्या इथे त्यांच्याबरोबर मिळून हाड पोखरत होत्या. वीस वर्षं तिथे त्यांना काय काय ऐकू आलं होतं, कोणता निरोप पोचला नव्हता, आणि कुठल्या दिवसानंतर त्या परत फिरू शकल्या नाहीत, हे त्या काचपट्टीवर वाचता येत नव्हतं. मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. घरी गेल्यावर आईने विचारलं, ‘‘काय दिसलं गं?’’ मी वही काढून तिला पेशीचं चित्र काढून दाखवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या वहीतलं आहे.